जर, जरी आणि तरी : कोडला रंग देणाऱ्या टूलला आपली भाषा कशी शिकवायची?

फोनवरच्या कोड एडिटरमध्ये पायथॉनची फाईल उघडली की काही शब्द निळे, काही हिरवे आणि टिपा करड्या दिसतात. बऱ्याच जणांना वाटतं, ॲपला पायथॉन कळतं. खरं तर त्याला ओ की ठो कळत नसतं. त्याच्याकडे असते फक्त नियमांची एक यादी: असा मजकूर दिसला तर हा रंग, तसा दिसला तर तो. या यादीलाच त्या भाषेची सिंटॅक्स व्याख्या म्हणतात. ती कुणीतरी हाताने लिहिलेली असते आणि तुम्हीही लिहू शकता.

या लेखात मी एक छोटी व्याख्या बनवून दाखवतो. आणि मराठी शब्द आले की ती नेमकी कुठे फसते, तेही सांगतो. कारण ही अडचण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही.

रंग देणं वेगळं, मांडणी करणं वेगळं

प्रेटियरसारखी टूल कोडची मांडणी बदलतात: मोकळ्या जागा, ओळी, कंस नीट लावतात. त्यासाठी त्यांना पूर्ण कोडची रचना समजून घ्यावी लागते. पिगमेंट्स किंवा हायलाइट-जेएस यांसारखे हायलायटर मात्र कोडचं एक अक्षरही बदलत नाहीत. ते फक्त तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला नाव देतात: टीप, मजकूर, आकडा, कीवर्ड. कोणत्या नावाला कोणता रंग, हे थीम ठरवते. आपण बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

आपली नमुना भाषा

समजा, ‘हिशोब’ नावाची एक छोटी भाषा आहे. मी ती या लेखापुरतीच बनवली आहे. तिचा कोड असा:

// साडीच्या दुकानाचं बिल
जरी = ८५०
नग = ३
जर नग > २ तर
छाप "जर रोख दिले तर सवलत"
संपलं

यात कीवर्ड चार: जर, तर, छाप, संपलं. ‘जरी’ आणि ‘नग’ ही आपण दिलेली नावं. अवतरणातला ‘जर’ हा कीवर्ड नाही, तो साधा मजकूर आहे.

नियम आणि त्यांचा क्रम

पिगमेंट्स ही पायथॉनमध्ये लिहिलेली लायब्ररी. तिच्यात आपण नियमांची यादी देतो आणि प्रत्येक नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे रेजेक्समध्ये, लिहितो. टूल मजकुराच्या सुरुवातीला उभं राहतं, यादी वरून खाली तपासतं आणि पहिला जुळणारा नियम लावतं. मग तेवढा तुकडा ओलांडून पुढे जातं. काहीच जुळलं नाही, तर एक अक्षर ‘चूक’ म्हणून नोंदवतं आणि पुढे सरकतं. ‘हिशोब’साठी यादी अशी:

१. टीप: // पासून ओळ संपेपर्यंत
२. मजकूर: अवतरण चिन्हापासून पुढच्या अवतरण चिन्हापर्यंत
३. आकडा: [०-९]+
४. कीवर्ड: जर, तर, छाप, संपलं
५. नाव: बाकीचे शब्द
६. चिन्हं आणि मोकळी जागा

अवतरण उघडलं की नियम २ पूर्ण वाक्य एकदम गिळतो, त्यामुळे आतल्या ‘जर’कडे कुणी बघतच नाही. पण कीवर्डचा नियम नावाच्या नियमाआधीच हवा. उलटं केलंत तर ‘जर’ हेही एक नावच ठरेल. तसंच // चा नियम भागाकाराच्या / आधी हवा, नाहीतर टीप म्हणजे दोन भागाकार होतील.

व्हीएस कोड टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरची व्याख्या-पद्धत वापरतो. तिथे मजकूर एकेक ओळ करून तपासला जातो. म्हणून अनेक ओळींच्या टिपेसाठी एक नियम पुरत नाही. ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ असे दोन नमुने द्यावे लागतात.

मराठीत गाडी कुठे अडते?

‘जर’ हा पूर्ण शब्द असेल तरच रंगवायचा, हे सांगायला रेजेक्समध्ये शब्दसीमेची खूण असते: बॅकस्लॅश-बी. पिगमेंट्सच्या कितीतरी व्याख्यांमध्ये कीवर्डच्या यादीमागे ती लावलेली दिसेल. इंग्रजी कीवर्डना ती चालते. मराठीत मात्र गडबड होते.

पायथॉनचं नेहमीचं रेजेक्स मॉड्यूल क, ज, र यांना शब्दातली अक्षरं मानतं, पण वेलांटी, उकार, मात्रा आणि अनुस्वार यांना मानत नाही. युनिकोडमध्ये ही चिन्हं ‘अक्षर’ गटात नसून ‘जोडचिन्ह’ गटात आहेत. परिणाम बघा:

• ‘जरी’मध्ये र नंतर वेलांटी आली की त्याला वाटतं शब्द संपला. मग ‘जर’ कीवर्ड म्हणून रंगतो आणि वेलांटी मागे लटकते. ‘तरी’ आणि ‘तरुण’चंही तेच.
• ‘संपलं’ अनुस्वाराने संपतो. त्यामुळे शेवटी सीमाच सापडत नाही आणि हा कीवर्ड कधीच रंगत नाही.
• ‘जरब’ मात्र बरोबर चालतो, कारण ब हे अक्षर आहे. फक्त हाच शब्द तपासला तर सगळं ठीक आहे असं वाटेल!

जावास्क्रिप्टमध्ये उलटी तऱ्हा. तिथे ही खूण फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ओळखते. देवनागरी शब्दाभोवती तिला सीमाच दिसत नाही, म्हणून साधा ‘जर’सुद्धा रंगत नाही. एकच नियम, दोन टूल, दोन वेगळ्या चुका.

गंमत म्हणजे पायथॉन भाषा स्वतः ‘किंमत’ हे नाव बिनतक्रार घेते. २००८ साली आलेल्या पायथॉन ३.० पासून ही सोय आहे. पण त्याच पायथॉनचं रेजेक्स ‘किंमत’चे ‘क’ आणि ‘मत’ असे तुकडे पाडतं.

उपाय

बॅकस्लॅश-बी सोडा आणि सीमा स्वतः सांगा. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी सलग १२८ जागांचा मूळ ठोकळा आहे. ‘मागे-पुढे या ठोकळ्यातलं काही नको’ हे असं लिहितात:

(?<![ऀ-ॿ])(जर|तर|छाप|संपलं)(?![ऀ-ॿ])

नावासाठी: [अ-हॲ][ऀ-ॿ]*

इथे ॲ वेगळा का लिहिला? कारण युनिकोडमध्ये तो अ ते ह या रांगेत नाही, बराच पुढे आहे. तो विसरलात तर ‘ॲप’ हे नाव चूक म्हणून लाल दिसेल. आणखी एक लक्षात ठेवा: पूर्णविरामाचा दंड (।) याच ठोकळ्यात येतो. तुमची भाषा वाक्य दंडाने संपवत असेल तर तो वगळा.

हायलाइट-जेएसमध्ये पद्धत थोडी वेगळी. ते आधी शब्द उचलतं, मग तो कीवर्डच्या यादीत आहे का बघतं. शब्द उचलायचा त्याचा मूळ नमुना इंग्रजीपुरताच आहे. तो बदलण्यासाठी कीवर्डच्या यादीसोबत ‘डॉलर-पॅटर्न’ नावाचा पर्याय असतो. तिथे [ऀ-ॿ]+ दिलंत की काम झालं.

फोनवर करून बघा

टर्मक्समध्ये पायथॉन टाका, मग पिप वापरून पिगमेंट्स. स्वतःची व्याख्या एका फाईलमध्ये लिहा. ‘पिगमेंटाइझ’ कमांडला ‘एक्स’ हा पर्याय दिला की ती फाईल थेट वापरता येते, कुठेही नोंदणी लागत नाही. चाचणीसाठी मी हे शब्द सुचवेन: जर, जरी, जरब, तरुण, संपलं, ॲप आणि अवतरणातला "जर". सातही बरोबर रंगले की व्याख्या वापरायला हरकत नाही.

एवढा खटाटोप कशाला?

कारण नवशिक्याला पहिली चूक रंगच दाखवतो. अवतरण बंद करायचं राहिलं की पुढचा कोड मजकुराच्या रंगाचा होतो आणि डोळ्यांना लगेच खटकतं. पण ‘जरी’ अर्धा निळा दिसला, तर शिकणाऱ्याला वाटेल आपणच चुकलो, मराठी नावं कोडमध्ये चालतच नाहीत. कोड बरोबर असतो, चुकलेला असतो तो रंगाचा नियम. म्हणून कोडमधला मराठी शब्द विचित्र रंगलेला दिसला, तर नाव बदलू नका. आधी व्याख्येतली शब्दसीमा तपासा.