एलएडी, एलआयटी, एनआयटी : नागपूरच्या तीन अक्षरांत कोण बसलंय?

परवा भाची डिक्शनरी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सातवीत आहे. म्हणे, "मामा, एल-ए-डी म्हणजे पोरगा. मग पोरींच्या कॉलेजला पोरगा नाव कायले दिलं?"

मी हसलो, पण नंतर मलाच चाळा लागला. एल-आय-टी म्हणजे लिट, पेटवलेला. एन-आय-टी म्हणजे निट, उवेचं अंडं, आपली लीख. हे तिन्ही शब्द इंग्रजी डिक्शनरीत आहेत आणि तिन्ही नागपुरात रोज तोंडात येतात. तरी त्यांचा इंग्रजी अर्थ कोणाच्या मनात येत नाही, कारण आपण अक्षरं सुटी करून बोलतो. लॅड कॉलेज म्हणाल तर रिक्षावाला विचारेल, कुठं आलं ते? उलट मिहान आणि नीरी आपण जोडून बोलतो. मिहान तर गावाचं नाव वाटतं आणि नीरी म्हटलं की साडीच्या निऱ्या आठवतात. नीरीचं १९५८ मधलं पहिलं नाव वेगळंच होतं, त्याची अक्षरं जोडली की सीफेरीसारखं काहीतरी व्हायचं. १९७४ मध्ये नाव बदललं ते बरं झालं बाप्पा.

भाचीला सांगितलं, एलएडी म्हणजे लेडी अमृतबाई डागा. कामठीच्या सावकारी पेढीचं डागा घराणं, ज्यांच्या कस्तुरचंदांच्या नावानं आपलं पार्क आहे. सरकारनं ‘सर’ केलेल्या माणसाच्या बायकोला लेडी म्हणत. १९३२ मध्ये मुलींसाठी कॉलेज सुरू झालं ते सेंट्रल कॉलेज फॉर विमेन म्हणून, अमृतबाईंचं नाव नंतर लागलं. आज त्या कॉलेजातल्याच पोरींना विचारून बघा. डागा आठवेल, लेडी आठवेल, अमृतबाई चटकन नाही आठवणार.

एलआयटीची गोष्ट याहून लांबची आहे आणि मला जास्त टोचते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. मँगनीजच्या खाणींवर पैसा कमावला. १९३० मध्ये गेले आणि मृत्युपत्रात ३५ लाखांच्या घरातली रक्कम नागपूर विद्यापीठाला ठेवून गेले. कशासाठी? उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. देवळासाठी नाही, धर्मशाळेसाठी नाही. विद्यापीठ तेव्हा सात वर्षांचं होतं, १९२३ चं. त्या काळी ३५ लाख म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी चाळीस-पन्नास रुपये पगारात घर चालवलं त्यांनी मनात हिशेब करावा. संस्था प्रत्यक्ष उभी राहायला १९४२ उजाडलं. अमरावती रोडवर, भरतनगरला. तेल, रंग, कागद, अन्नप्रक्रिया, अशा कारखान्यांना लागणारी माणसं तिथून निघाली. पूर्ण नाव लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी.

२०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. आता नाव आहे लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. बारीक बघा राजेहो. इन्स्टिट्यूटचं इनोव्हेशन झालं, टेक्नॉलॉजीचं टेक्नॉलॉजिकल झालं, पण एल, आय, टी जागच्या जागी. अक्षरं वाचवण्यासाठी शब्द बसवला, असं मला तरी दिसतं. स्वतंत्र झाली याचा मला आनंदच आहे, आणि ‘एल’ला कोणी हात लावला नाही हेही खरं. पण नवा बोर्ड लागला तेव्हा अक्षरांची चर्चा जेवढी ऐकली, तेवढी त्या खाणवाल्या म्हाताऱ्याची नाही ऐकली.

अक्षरं तीच ठेवून अर्थ बदलायची सवय आपल्याला जुनीच. मध्य प्रांत म्हणजे म. प्र., पुढे मध्य प्रदेश झाला तरी म. प्र. च. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर त्याची राजधानी होतं. इंग्रजीत त्या प्रांताला सीपी म्हणत. १८६१ मध्ये तो झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला आणि सीपी अँड बेरार हे नाव घराघरात गेलं. आज सिव्हिल लाइन्समधला सीपी क्लब तेवढा उरलाय. बाकी ‘सीपी साहेब येऊन राहिले’ म्हटलं की पोलीस आयुक्त.

एनआयटीचं तर दोन घरी बिऱ्हाड. एक सदरमधलं, नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९३६ च्या कायद्यानं आलेलं. पेपरवाले नासुप्र लिहितात, बोलताना कोणी म्हणत नाही. दुसरं बजाजनगरजवळ, १९६० चं इंजिनिअरिंग कॉलेज. ते व्हीआरसीई होतं, २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं. काटोलचे आमचे मावसाजी प्लॉटचे कागद घेऊन ‘एनआयटीत सोडा’ म्हणाले आणि कॉलेजच्या गेटवर उतरले. वॉचमनलाच त्यांनी आरएल कुठं मिळते म्हणून विचारलं.

नागपुरात सगळ्यात महाग अक्षरं तीच, आर आणि एल. रिलीज लेटर. ट्रस्टनं प्लॉट आपल्या योजनेतून मोकळा केला, असं सांगणारं पत्र. ५७२ लेआउट, १९०० लेआउट हे आकडे ज्यांच्या घरात बोलले गेले, त्यांना अधिक सांगायला नको. शेतीच्या जमिनीवर लेआउट पाडायचे, प्लॉट विकायचे, नकाशा मंजूर नाही. माझ्या बाबांनी ९० च्या दशकात असाच घेतला. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "भाऊ, आरएल येऊनच राहिलं." बाबांना वाटलं आरएल हा कोणी मोठा साहेब आहे. खरंच. अर्धा पगार हप्त्यात जाई, पण त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारायची त्यांना लाज वाटली. आरएल नाही म्हणून बँकेनं कर्ज दिलं नाही. घर बांधलं ते आईचे दागिने मोडून, दोन खोल्या.

२००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, मग बऱ्याच वर्षांनी डिमांड भरली, चकरा मारल्या. पत्र हातात पडलं तेव्हा बाबा रिटायर झाले होते. त्यांनी ते मला वाचायला लावलं, शब्द न शब्द मराठीत करून. मग विचारलं, "म्हणजे आधी आपला प्लॉट कोणाच्या ताब्यात होता?"

भाचीला आता तेच पत्र दाखवलंय. ती म्हणते, यात आर आणि एल ही अक्षरं कुठं सुटी लिहिलेलीच नाहीत.