संथ इन्स्टॉलेशनचा इतिहास : घरी जोडलेल्या संगणकात दडलेले जुने निर्णय

#थ्रेड #इतिहास

१/ सुटे भाग आणून घरी संगणक जोडला. प्रोसेसर नवा, मेमरी पुरेशी, हार्ड डिस्क कोरी. तरीही ऑपरेटिंग सिस्टीम चढवताना अर्ध्या तासाचे काम पाच तास रेंगाळते. अशा वेळी आपण एखादा भाग सदोष ठरवून मोकळे होतो. पुष्कळदा मात्र दोष भागात नसतो. कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेला एक निर्णय त्या यंत्रात अजून पाळला जात असतो. आजचा थ्रेड त्या निर्णयांच्या इतिहासाविषयी.

२/ आरंभ जानेवारी १९७५. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की येथील मिट्स ही कंपनी तो सुट्या भागांच्या संचात विकत असे. ग्राहकाने डाग देऊन स्वतः जोडायचा. मूळ संचातील मेमरी होती केवळ २५६ बाइट. पडदा नाही, कळफलक नाही. पुढच्या बाजूस खटके आणि लुकलुकणारे दिवे.

३/ अशा यंत्रात प्रोग्राम चढवायचा कसा? वीज दिल्यावर यंत्राला काहीच ठाऊक नसे. फीत वाचावी कशी, हेसुद्धा नाही. म्हणून मालक खटके वरखाली करून एकेक बाइट हाताने भरत असे. या मोजक्या सूचनांच्या आधारे यंत्र कागदी फितीवरील मोठा प्रोग्राम वाचू लागे. आज आपण ‘बूट करणे’ म्हणतो, त्याचे हे उघडे, हाताने करायचे रूप.

४/ बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांची बेसिक भाषा याच मार्गाने अल्टेअरमध्ये उतरली. ती घेऊन अॅलन विमानाने आल्बुकर्कीला निघाले, तेव्हा फीत वाचणारा हा आरंभीचा तुकडा लिहायचाच राहिला होता. तो त्यांनी विमानात लिहिला. संगणकाच्या इतिहासातील हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध इन्स्टॉलेशन!

५/ आता वेगाचा हिशेब पाहू. एएसआर-३३ टेलिटाइपचा फीतवाचक सेकंदाला १० अक्षरे वाचत असे. म्हणजे ४,०९६ बाइट चढवण्यास सुमारे ७ मिनिटे आणि ८,१९२ बाइटना साडेतेरा मिनिटांहून अधिक. कारण उघड होते आणि डोळ्यांना दिसत होते : फीतच सावकाश सरकत होती. ‘का रेंगाळले?’ हा प्रश्न तेव्हा कुणाला विचारावा लागत नव्हता.

६/ त्याच वर्षी ५ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. स्वतः यंत्र जोडायचे, अडले की दहा जणांसमोर मांडायचे, उत्तर सापडले की सर्वांना सांगायचे, ही रीत तिथे रुजली. बेसिकच्या फितीच्या प्रतीही त्या वर्तुळात हातोहात फिरल्या. त्यावर फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी छांदिष्टांना उद्देशून खुले पत्र लिहिले. सॉफ्टवेअर कुणाचे, हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे.

७/ पुढचे वळण १२ ऑगस्ट १९८१ चे. आयबीएमने आपला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांपासून घडवला आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत यंत्रे काढली. कुणाचाही मदरबोर्ड, कुणाचीही डिस्क, कुणाचाही डबा एकत्र नांदू लागला. आपला घरगुती संगणक या मोकळेपणाचे अपत्य आहे. परंतु मोकळेपणाची एक अट होती : नव्याने जुन्याशी जुळवून घेतलेच पाहिजे.

८/ ही अट कशी भोवते, याचे पहिले उदाहरण म्हणजे हार्ड डिस्कची आयडीई जोडणी. ती १९८० च्या दशकाच्या मध्यास आली. तिच्यात माहिती वाहण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या : पीआयओ आणि डीएमए. पीआयओ म्हणजे अडतीच्या दुकानातील दिवाणजीने हिशेब बाजूला ठेवून प्रत्येक पोते स्वतःच्या पाठीवर वाहणे. डीएमए म्हणजे हमालांना काम नेमून देणे आणि शेवटी ‘माल पोचला’ एवढाच निरोप घेणे.

९/ इथे दिवाणजी म्हणजे प्रोसेसर. पीआयओच्या मोड ४ ची कमाल गती सेकंदाला १६.७ मेगाबाइट, अल्ट्रा डीएमएची पुढे ३३, ६६, १०० अशी वाढत गेली. पीआयओत गती कमी असतेच, शिवाय प्रोसेसरही ओझ्याखाली दबलेला असतो. म्हणून इन्स्टॉलेशन रेंगाळतेच, पण माऊसचा बाणसुद्धा अडखळू लागतो. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१०/ परंतु वेगवान डिस्क पीआयओत जाईल कशी? विंडोज एक्सपीत एक सावध नियम होता. वाचताना-लिहिताना ठरावीक त्रुटी साचल्या (मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार सहा), की ती जोडणी एक पायरी खाली उतरे. पुन्हा साचल्या की आणखी एक. शेवटची पायरी पीआयओ. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही उतरण नोंदून ठेवली जाई आणि संगणक पुन्हा चालू केला तरी वेग परत येत नसे. ओरखडे पडलेली एखादी सीडीही या घसरणीस पुरे.

११/ निर्णय चुकीचा नव्हता. माहिती खराब होण्यापेक्षा सावकाश चाललेले बरे, हा विवेक त्यामागे होता. अडचण एवढीच की यंत्र हे मालकाला सांगत नसे. ते थांबत नसे, तक्रार करत नसे, केवळ मंदावे. उपाय मात्र साधा : डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या आयडीई चॅनेलची नोंद काढून टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. जुनी नोंद पुसली की वेग परत. चांगली डिस्क बदलण्याचे कारणच उरत नसे.

१२/ त्रुटी साचण्याचे मूळ अनेकदा केबलमध्ये असे. अल्ट्रा डीएमए ६६ पासून ८० तारांची पट्टी आवश्यक झाली. जोडणीच्या पिना ४० च राहिल्या. वाढीव ४० तारा संकेतवाहक तारांच्या अधेमधे जमिनीसारख्या बसवल्या होत्या, म्हणजे एकीचा गोंगाट दुसरीत शिरू नये. दोन्ही पट्ट्यांची टोके सारखीच, त्यामुळे जुन्या संगणकातली ४० तारांची पट्टी नव्यात सहज बसे. संगणक सुरू होई, चालेही. पण धावत नसे.

१३/ दुसरे उदाहरण डॉसच्या वारशाचे. सीडीवरून थेट संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये मांडली. जुन्या मदरबोर्डना ती उमजत नसे. मग फ्लॉपीवरून डॉस सुरू करायचे आणि तिथून विंडोज २००० किंवा एक्सपीचे इन्स्टॉलेशन. इथे हजारो लहान फाइलींची नक्कल होई आणि ती तासन्‌तास चाले.

१४/ कारण असे : डॉसच्या फॅट पद्धतीत प्रत्येक फाइल लिहिताना डिस्कच्या आरंभी असलेल्या तक्त्यातही नोंद करावी लागे. म्हणजे प्रत्येक लहान फाइलीसाठी डिस्कचा वाचक-हात तक्त्याकडे जाणार, परत येणार, पुन्हा जाणार. डॉससोबत मिळणारा ‘स्मार्टड्राइव्ह’ हा छोटा प्रोग्राम आधी सुरू केला, तर ही कामे मेमरीत साठून एकगठ्ठा होत. तासांचे काम मिनिटांवर येई. इन्स्टॉलर स्वतःही तशी सूचना देई. पण ती ओळ वाचून पुढे जाणारेच अधिक.

१५/ तिसरे उदाहरण मला सर्वांत रोचक वाटते. ते आहे ‘६३’ या आकड्याचे. पीसीच्या बायोसमध्ये सेक्टरच्या क्रमांकासाठी सहा बिट राखलेले होते आणि मोजणी १ पासून; म्हणून एका ट्रॅकवर अधिकाधिक ६३ सेक्टर. पहिला ट्रॅक मोकळा सोडून विभाग पुढच्या ट्रॅकपासून सुरू करण्याचा प्रघात पडला. परिणामी एक्सपीपर्यंत पहिला विभाग सेक्टर ६३ पासून सुरू होत राहिला. खऱ्या डिस्कची रचना तेव्हा कधीच पालटून गेली होती.

१६/ ते कुणालाही खटकले नाही. मग २०१० च्या सुमारास ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटचे भौतिक सेक्टर असलेल्या डिस्क बाजारात आल्या. आता गणित करा : ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, त्याला ४,०९६ ने भागले तर उत्तर ७.८७५. पूर्णांक नाही! म्हणजे एक्सपीचा प्रत्येक चार किलोबाइटचा तुकडा दोन भौतिक सेक्टरांवर लोंबकळणार. तो लिहिण्यासाठी डिस्कने आधी दोन्ही वाचायचे, बदलायचे आणि पुन्हा लिहायचे.

१७/ कोरी करकरीत डिस्क, तरीही इन्स्टॉलेशन कूर्मगतीने. वेस्टर्न डिजिटलने त्यावर दोन तोडगे दिले : विभाग सरकवणारे एक सॉफ्टवेअर, आणि डिस्कच्या मागील दोन पिनांवर बसवायचा जंपर. जंपर लावला की डिस्क प्रत्येक पत्ता एकाने पुढे ढकलत असे. ६३ चे झाले ६४, आणि ६४ ला ८ ने नि:शेष भाग जातो. व्हिस्टापासून विंडोज पहिला विभाग सेक्टर २०४८ पासून सुरू करू लागली आणि हा प्रश्न मिटला.

१८/ हे सारे आपल्याकडेही घडत होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा मोठा बाजार. ‘असेंबल्ड’ संगणक हा मराठी मध्यमवर्गीय घरातला ओळखीचा पाहुणा आणि ‘विंडोज मारून देणारा’ हा गल्लीतला ओळखीचा माणूस. पीसीक्वेस्ट, डिजिट यांसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी हे तेव्हाच्या संथ इंटरनेटवरचे उत्तर होते. या माणसांचे ज्ञान कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेले नाही. ते हातोहात, तोंडी फिरले.

१९/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा मुद्दा. पडद्यावरची ‘इतकी मिनिटे शिल्लक’ ही पट्टी मला बखरीसारखी वाटते : ऐकणाऱ्याला धीर देणारी, ओघवती, पण तपशिलात भरवशाची नव्हे. अस्सल कागद म्हणजे यंत्राने घडताक्षणी लिहिलेली नोंद. लिनक्समध्ये ती ‘डीमेसेज’ ही आज्ञा दाखवते. जुन्या आयडीई डिस्कसंबंधी तिथे ‘बॅडसीआरसी’ असा शेरा वारंवार दिसला, तर संशय आधी केबलवर घ्यावा, डिस्कवर नंतर.

२०/ परीक्षणाचा क्रमही ठरलेला ठेवावा. आधी उगम : सीडीवर ओरखडे आहेत का? पेनड्राइव्ह कोणत्या पोर्टला आहे? यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. चार गिगाबाइटला तिथे पाऊण तासाच्या आत पोचणे अशक्य. यूएसबी २.० ची गती ४८० मेगाबिट. मग मार्ग : केबल, बायोसमधील डिस्कचा मोड. मग मुक्काम : डिस्क आणि तिचे विभाग. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; दोन एकदम बदलल्या तर कारण कोणते हे कधीच कळत नाही.

२१/ हे जुने ज्ञान आज कशाला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि कित्येक धडधाकट यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स चढवून ती आणखी काही वर्षे वापरता येतात. पण तसे करू पाहणाऱ्याला पहिल्याच रात्री इन्स्टॉलेशन रेंगाळलेले दिसले, तर तो म्हणेल, ‘जुनाट झाले, भंगारात द्या.’

२२/ त्या क्षणी निकाल कशावर लागतो? कारण शोधता येते, एवढा विश्वास असण्यावर. अल्टेअरच्या मालकाला फीत सरकताना दिसत होती. आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. पीआयओची घसरण, ६३ वा सेक्टर, ४० तारांची पट्टी ही त्या त्या काळी शहाण्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांची अवशिष्टे आहेत. ती ओळखता आली तर एखादे यंत्र भंगारातून वाचते, आणि एखाद्या विद्यार्थ्याला पहिला संगणक मिळतो.

२३/ तुमच्या घरी, दुकानात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असे रेंगाळलेले इन्स्टॉलेशन कुणी, कसे मार्गी लावले होते? वर्ष, यंत्र आणि उपाय यांसह खाली जरूर लिहा. हा तोंडी इतिहास लिहून ठेवला नाही, तर तो सांगणाऱ्यांबरोबरच जाईल.