शेंड्याचा निरोप

१८८० साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांच्या शेंड्यांवर अपारदर्शक टोप्या घातल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एरवी उजेडाकडे वाकणारे हे कोंब सरळच वाढले. उजेड जाणवतो शेंड्याला, वाकतो मात्र खालचा भाग. मग निरोप पोचतो कसा?

१९२६ मध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कापलेल्या शेंड्यांतून झिरपणारे द्रव्य अगारच्या तुकड्यात पकडले. तो तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबावर एका कडेला ठेवताच ती बाजू जास्त वाढली आणि कोंब वाकला. हे द्रव्य म्हणजेच ऑक्सिन.

ते पेशीबाहेर सोडणारी ‘पिन’ प्रथिने १९९८ मध्ये ओळखली गेली. पेशीच्या ज्या बाजूला ही प्रथिने, तिकडे ऑक्सिनचा प्रवाह. ‘पिन-१’ निकामी असलेल्या अरॅबिडॉप्सिसचा दांडा फुलांवाचून सुईसारखा बोडका राहतो; पण त्याच्या शेंड्याच्या कडेला ऑक्सिन लावले, तर तिथे फूल येते! संप्रेरक नुसते असून भागत नाही, ते योग्य जागी पोचावे लागते. म्हणून वर्गात संप्रेरकांच्या नावांबरोबर त्यांची वाटही शिकवायला हवी.