जुन्या जीपचें दीर्घायुष्य

यंत्राचें आयुष्य त्याच्या लोखंडावर अवलंबून असतें, असा सर्वसाधारण समज आहे. लोखंड जाड तर गाडी टिकाऊ, पातळ तर अल्पायुषी. परंतु चारहि चाकांना गति देणाऱ्या जीपगाडीचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज अपुरा ठरतो. मराठवाड्याच्या काळ्या मातींत व घाटवाटांवर ही गाडी दोन-दोन पिढ्या टिकली, त्याचें रहस्य लोखंडापेक्षां कांहीं निराळेंच आहे.

जीपचा जन्म युद्धांतला. जुलै १९४० मध्यें अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारहि चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नांवाच्या लहानशा कारखान्यानें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना लष्करापुढें उभा केला. पण मोठें कंत्राट मिळालें विलीज कंपनीला, आणि तिच्या जोडीला फोर्डला. विलीजचें बळ होतें तिच्या एंजिनांत. मूळचें ४८ अश्वशक्तीचें, थोड्या तासांच्या श्रमानें थकणारें हें यंत्र बार्नी रूस या अभियंत्यानें सुधारून ६० अश्वशक्तीचें व चिवट केलें. युद्ध संपेपर्यंत दोन्हीं कारखान्यांतून मिळून सुमारें ६,४०,००० जीपगाड्या बाहेर पडल्या.

या गाडीची दुरुस्ती होणार होती रणांगणावर. कारखाना तेथून हजारों मैल दूर. म्हणून मोजक्या हत्यारांनिशीं सामान्य शिपायाला ती उघडतां व पुन्हां जोडतां यावी, अशीच तिची घडण ठेवली गेली. एका गाडीचा सुटा भाग बहुधा दुसरीला चपखल बसे. ‘बिघडणार नाहीं’ असें वचन या गाडीनें कधींच दिलें नाहीं. बिघडली तरी कोणालाहि सांवरतां यावी, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. आणि दीर्घायुष्याच्या दृष्टीनें हीच प्रतिज्ञा अधिक मोलाची ठरली.

युद्धकाळांत कैलासचंद्र महिंद्र हे अमेरिकेंत हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. त्यांनीं, त्यांचे बंधु जगदीशचंद्र यांनीं व मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं मुंबईंत ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्यें पेढीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. विलीज जीपचे सुटे भाग मागवून १९४९ पासून माझगांव येथें गाड्या जोडल्या जाऊं लागल्या, आणि पुढें त्या येथेंच तयार होऊं लागल्या.

याच सुमारास औरंगाबादचें भाग्यहि पालटलें. सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय फौजा शहरांत शिरल्या आणि निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. नव्या राज्यकारभाराला खेडोपाडीं पोंचावयाचें होतें, आणि रस्ते तर थोडेच होते. उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण असणारी काळी जमीन पावसाळ्यांत चाकाला लोण्यासारखी चिकटते. शिवाय कन्नडहून चाळीसगांवकडे उतरणारा औट्रम घाट आहेच. अशा ठिकाणीं मागचीं दोन चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं, तर पुढचीं दोन गाडीला बाहेर ओढतात. महसूल, पोलीस, पाटबंधारे या खात्यांची ओळखच जीप झाली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्यें झाली, तेव्हां सरकारी साहेब म्हणजे जीप हें समीकरण खेड्यांतल्या पोरालाहि पाठ होतें.

तथापि चारहि चाकांची ही शक्ति विवेकानें वापरावी लागते. जुन्या जीपमध्यें पुढील व मागील आंस एकत्र जोडले गेले म्हणजे दोहोंची गति सारखीच राहते. वळणावर मात्र पुढच्या चाकांना अधिक अंतर कापावें लागतें. चिखलांत चाक थोडें घसरून हा फरक भरून काढतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरत नाहीं, आणि सारा ताण दांत्यांवर व टायरांवर पडतो. जाणता मालक म्हणून चिखल संपतांच पुढची जोडणी सोडतो. तो पाटे, स्टीअरिंगचे सांधे व ब्रेक वेळच्या वेळीं पाहतो आणि तेल गळूं लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करीत नाहीं.

मालकाच्या या काळजीला कारखान्याच्या सातत्याची जोड मिळाली. पुढील व मागील आंसांमधील ८० इंचांचें अंतर आणि उंच बॉनेटची ती ठेवण पुढें कित्येक दशकें कायम राहिली. त्यामुळें बापाच्या गाडीचा भाग मुलाच्या काळींहि बाजारांत मिळे. १९७३ नंतर पेट्रोल महागलें, तेव्हां अनेकांनीं मूळचें एंजिन काढून डिझेलचें बसविलें. कोठें पत्रा बदलला, कोठें आंस बदलला. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, सर्वच बदललें तर गाडी तीच कशी? व्यवहारानें याचें उत्तर दिलें आहे: चौकटीवरचा क्रमांक तोच, म्हणून गाडी तीच, आणि एंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयांत हवी.

आज कसोटी या कागदाचीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. पुढें तपासणी करवून दर पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. मोटारगाडीसाठीं हें शुल्क ६०० रुपये होतें, तें एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालें. कायद्याच्या बाजूला वजन नाहीं असें कोण म्हणेल? जुनें एंजिन धूर अधिक सोडतें, आणि अपघातांत बसणाऱ्याला वांचविणारीं आधुनिक साधनें जुन्या जीपमध्यें नाहींत. रोजच्या गर्दीच्या रस्त्यासाठीं ती योग्य नव्हे, हें तिच्या चाहत्यानेंहि मान्य करावें.

परंतु मोडींत काढतांना आपण काय गमावतों, याचाहि हिशेब व्हावयास हवा. वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांमुळें मोटारींचें शहर बनलेल्या संभाजीनगरला तर हा प्रश्न विशेष लागू पडतो. नवी गाडी अधिक सुरक्षित, अधिक वेगवान; मात्र तिचें अंतरंग मालकाला व गल्लींतल्या मिस्त्रीला बंद होत चाललें आहे. जुनी जीप टिकली, कारण ती अनेकांना समजत होती. जी वस्तु समजते ती दुरुस्त होते, आणि जी दुरुस्त होते तीच वारशानें पुढच्या पिढीच्या हातीं जाते.