अमेरिकेतील औद्योगिक क्रांती : यंत्रशोध व वाहतूक
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून यंत्रांचे शोध व वाहतुकीची नवी साधने यांच्या संयोगाने घडून आलेले उत्पादनपद्धतीतील स्थित्यंतर. सॅम्युएल स्लेटर या इंग्रज कारागिराने १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे जलशक्तीवर सूतकताईची यंत्रे चालविली, तेथून त्याचा आरंभ मानतात. ब्रिटनमधून यंत्रांचे आराखडे बाहेर नेण्यास बंदी असल्याने त्याने ती बव्हंशी स्मरणातूनच उभारली होती.

गिरण्यांना पुरेसा कापूस मिळणे मात्र दुरापास्त होते. दक्षिणेच्या अंतर्भागातील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटलेली असे. दोन रुळांच्या चरकीने ती नीट निघत नसे व हाताने एका माणसाकडून दिवसाकाठी जेमतेम अर्धा किग्रॅ. कापूस स्वच्छ होई. एली व्हिटनीच्या यंत्रात (१७९३) फिरत्या दंडगोलावरील तारेचे दात तंतू अरुंद फटींतून ओढून घेत व सरकी मागे राही. त्यामुळे हे काम सु. पन्नासपट होऊ लागले. श्रम वाचविणाऱ्या या यंत्राने गुलामांचे श्रम मात्र वाढविले. लागवड मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत पसरली; वेचणी हातानेच करावी लागे. १७९० मध्ये सु. ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास गेली. उत्तरेकडील गिरण्यांच्या भरभराटीचे वर्णन करताना ही बाजू पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

रॉबर्ट फुल्टनची बाष्पनौका १८०७ मध्ये न्यूयॉर्कहून ऑल्बनीस ३२ तासांत पोहोचली. पुढे अशा नौकांमुळे मिसिसिपीतून प्रवाहाविरुद्धही माल नेता येऊ लागला. हडसन नदी ईअरी सरोवरास जोडणारा ५८४ किमी. लांबीचा ईअरी कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा बफालो ते न्यूयॉर्क हा टनामागे सु. १०० डॉलर असलेला वाहतूकखर्च १० डॉलरच्या आसपास आला. पश्चिमेचे धान्य पूर्वेस व पूर्वेचा कारखानदारी माल पश्चिमेस जाऊ लागला. १८३० नंतर लोहमार्ग वाढले. १८६० पर्यंत त्यांची लांबी सु. ४८,००० किमी. झाली. त्यांवरून कोळसा स्वस्तात पोहोचू लागल्याने कारखान्यांना धबधब्याकाठी राहण्याचे कारण उरले नाही.

लोहमार्गांचा मोठा भाग उत्तरेकडे होता आणि यादवी युद्धात (१८६१–६५) सैन्य व रसद हलविताना त्याचा उत्तरेस फार उपयोग झाला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखताच लँकाशरच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या व मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि कापसाचे भाव कोसळून मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या.