पाणवठ्यावरील पौर्णिमा

रात्री पाण्याकाठी दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याची आपल्याकडील सर्वपरिचित कथा ही एका भयंकर चुकीची कथा आहे. घडा बुडविल्याचा आवाज राजा दशरथाने ऐकला, हत्ती पाणी पीत असावा असे मानून त्याने शब्दवेधी बाण सोडला, आणि तो लागला श्रावणाला. वाल्मीकींनी हा प्रसंग पावसाळ्यात घातला आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’त मात्र वसंताच्या वर्णनापाठोपाठ राजाची मृगया आणली आहे.

पाणवठ्याचा खरा ऋतू वसंतच होय. पळस फुलून जातो, ओढे आटतात, आणि चैत्र-वैशाखात मैलोगणती रानात एखादेच डबके शिल्लक राहते. संध्याकाळी टिटवी ओरडते, रातवा बोलू लागतो; मग सांबर, रानडुक्कर, साळिंदर, अस्वल, क्वचित बिबट्या, असे एकेक करून पाण्यावर येतात. भीती असली तरी तहान त्यांना आणतेच. शिकाऱ्याने नेमकी हीच अगतिकता हेरली होती. मचाण बांधून पाण्याकडे बंदूक रोखून बसणे म्हणजे जनावराच्या तहानेचाच सापळा करणे होते.

माळव्यातील शीतल रात्रींची कीर्ती मोठी आहे. त्या माळव्यात इंदूरजवळच्या हातोदच्या परिसरात आज मुख्यतः शेतीच दिसते. परंतु इंदूरच्या दक्षिणेस राळामंडलची टेकडी रान धरून उभी आहे. एके काळी ती होळकरांची शिकारगाह होती. १९८९ साली तिचे अभयारण्य झाले. शिकारीच्या जागा संरक्षणाच्या जागा व्हाव्यात, हा पालट केवळ एका टेकडीपुरता नव्हता.

अमेरिकेत जॉर्ज शायरस हा गृहस्थ प्रथम शिकारीच होता. रात्री होडीतून दिवा रोखून हरणास दिपवायचे, ही शिकाऱ्यांची युक्ती त्याने छायाचित्रासाठी वापरली. त्याची रात्रीची चित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानात वनाधिकारी चॅम्पियन याने वाघाच्या वाटेवर तार लावून वाघाकडूनच त्याचे चित्र काढविले. त्याचे पुस्तक १९२७ सालचे.

कायद्याची पावले त्यामागून पडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानाधारक शिकाऱ्यालाही पाणवठ्यावर, खारवट चाटणीवर आणि तेथे जाणाऱ्या वाटेवर वन्य पशूची शिकार करण्यास मनाई केली. तहानलेल्यावर शस्त्र उगारू नये, हा जुना माणुसकीचा नियम अशा रीतीने कायद्याच्या कलमात उतरला. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची परवानापद्धतीच मोडीत निघाली.

मचाण मात्र रिकामे झाले नाही. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा आदी अरण्यांत वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, पाणवठ्यावर प्राणिगणना होऊ लागली. दिव्याशिवाय दिसावे म्हणून पौर्णिमा, आणि पाणी थोडे म्हणून वैशाख. मचाणावर निःशब्द बसायचे. कोणता प्राणी, किती वाजता, नर की मादी, बरोबर पिले किती, हे वहीत लिहायचे.

परंतु तहान काही एकदाच लागत नाही. तेच सांबर रात्रीतून दोनदा आले, की वहीत दोन सांबरे होतात. अवकाळी पाऊस पडून जागोजागी पाणी साचले, की रान ओस पडल्यासारखे भासते. वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून होत असे. तीही डळमळीतच होती. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली उघड झाले, तेव्हा कागदावरील आकड्यांचा भरवसा संपला. स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेऊन २००६ साली जो नवा अंदाज झाला, त्यात देशभरात १,४११ वाघ भरले. १९७२ च्या ठशांवरील गणतीत ते १,८२७ होते.

मोजणीचे काम आता यंत्राकडे गेले आहे. पौर्णिमेच्या बैठकीस महाराष्ट्रात ‘निसर्गानुभव’ असे नवे नाव मिळाले आहे. मचाणावरील मनुष्यास आता मारावयाचे नाही, आणि त्याच्या आकड्यावर काही अवलंबूनही नाही. पाण्यावर आवाज झाला, तर श्वास रोखून कोण आले आहे ते नीट पाहावे, एवढेच त्याचे काम. दशरथाच्या हातून नेमके तेवढेच राहून गेले होते.