मोजपट्टी आणि माणूस

बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वादी-प्रतिवादी आकडे पुढे करतात. परंतु मोजपट्टीच काळाबरोबर बदलली, याचा त्यांना विसर पडतो. जॉर्ज मायकनला आवरणे कठीण झाले, तेव्हा १९५१ साली बास्केटपुढील पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आला. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात १०० गुण मिळविले. १९६४ मध्ये तो पट्टा १६ फूट झाला. मायकेल जॉर्डनच्या काळी असलेली तीन गुणांची रेषा या दोघांना खेळताना लाभलीच नाही.

खरा अन्याय होतो तो बिल रसेलवर. १३ हंगामांत बोस्टन सेल्टिक्ससह ११ अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या खेळाडूचे सामर्थ्य प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू हवेतच अडविण्यात होते. अशा अडवणुकीची अधिकृत नोंद १९७३ पासून होऊ लागली; रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाला होता! तथापि १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेनची सरासरी ५० गुणांवर गेली असतानाही सहखेळाडूंनी सर्वोत्तम म्हणून रसेललाच कौल दिला. जेथे आकडे मुके असतात, तेथे समकालीनांची साक्ष हेच इतिहासाचे साधन होय.